लेकरू कोणाकडे, आणि कोणाकोणाचं

१७ फेब्रुवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्याचा निकाल दिला. लेखिका गीता हरिहरन आणि त्यांच्या पतीने मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला होता आणि पालक म्हणून आईची सही होती. बाप हयात असताना आईची सही चालत नाही, असं बँकेचं म्हणणं. भांडण नवराबायकोंत नव्हतंच, दोघं एका बाजूला आणि बँक दुसऱ्या. याच सुनावणीला वंदना शिवा यांची याचिका जोडलेली होती. तिथे मात्र मोडत्या संसारातल्या मुलाचा प्रश्न होता. न्यायालयाने १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यातल्या ‘बापानंतर आई’ या शब्दांचा अर्थ सैल केला : बाप मेल्यावरच नव्हे, तर तो लक्ष घालत नसेल, दूर असेल, तरीही आईच नैसर्गिक पालक.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, १ मेला, भंडारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन गोंदिया जिल्हा झाला. आणि त्याच वर्षी, मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने एक कायदा केला. घटस्फोट मागणाऱ्या आईबापांचं मुलांवरून एकमत होत नसेल, तर दोघांनी आधी एका शिकवणीला बसायचं. नवराबायकोंत समेट घडवणं हा तिचा हेतू नाही. संसार मोडणार हे गृहीत धरून, मुलाला निरोप्या करू नका, त्याच्यासमोर दुसऱ्याला शिव्या घालू नका, शाळा आणि दवाखान्याचे निर्णय कसे घ्यायचे ते ठरवा, एवढंच तिथे शिकवतात.

अशा शिकवण्या अमेरिकेत एकदम उगवल्या नाहीत. १९७१ पासून ज्युडिथ वॉलरस्टीन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातल्या घटस्फोटित घरांतली मुलं वर्षानुवर्षं पाहिली. जोन केली यांच्यासोबतचं त्यांचं पुस्तक १९८० साली आलं. साठ कुटुंबं, त्यांतली १३१ मुलं. घटस्फोटापेक्षा घटस्फोटानंतरचं भांडण मुलाला जास्त खातं, हा विचार त्या काळात न्यायाधीशांपर्यंत पोचला आणि नव्वदच्या दशकात एकेका राज्याने वर्ग सक्तीचे केले. फ्लोरिडात चार तासांचा वर्ग असतो. सिंगापूरने २०१६ पासून लहान मुलं असलेल्या जोडप्यांना असा कार्यक्रम बंधनकारक केला.

भारतात असा वर्ग कोणत्याही कायद्यात नाही. म्हणून गोंदियाच्या बाजूने पाहताना प्रश्न वेगळा विचारावा लागतो. वेगळं होणाऱ्या आईबापांना लेकरू कसं वाढवायचं हे इथे आजवर कोणी सांगितलं?

फार काळ ते काम पंचांचं होतं. गोंदियाचा मुलूख तेव्हा मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड छापले. ते चाळले की ध्यानात येतं, की ‘हिंदू विवाह जन्मोजन्मीचा’ हे वाक्य वैनगंगेच्या खोऱ्यातल्या शेतकरी-कष्टकरी जातींना फारसं लागू नव्हतंच. विधवेचा पाट लागत होता, काडीमोड होत होती, पंचांपुढे फारकत होत होती. गोंडांच्या रूढी त्याहून मोकळ्या. लग्नाचा खर्च कोणी कोणाला परत द्यायचा, दंड किती, जातीला जेवण कोणी घालायचं, या गोष्टी पंच बारकाईने ठरवत. मुलाची वाटणी मात्र एका वाक्यात व्हायची : अंगावर पितं पोर आईकडे, कळतं झालं की बापाच्या घरी. बाई दुसऱ्या घरी पाटाने गेली की तिच्या मागच्या लेकरांचं काय, याला उत्तर बहुधा आजी हेच असे. जुन्या पंचायतीचं गुणगान करणाऱ्यांनी हे विसरू नये. त्या बैठकीत बाईला बोलायला जागा नसे, आणि पोराला तर कोणी विचारतही नसे.

सरकारी कायदा आला तो १८९० साली : पालक व पाल्य कायदा. धर्म कोणताही असो, सगळ्या हिंदुस्थानाला एकच. या भागात मालगुजारी होती. मालगुजार मेला, वारस अज्ञान, जमिनीवर काका-मामांचा डोळा, अशा वेळी पालक नेमायला हा कायदा कामी यायचा. त्याच्या कलम १७ मध्ये अज्ञानाचं हित, त्याचं वय, धर्म आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची पसंती पाहावी असं लिहिलेलं होतं. मुलाला विचारा, हे कायद्याने इतक्या लवकर म्हटलं होतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं. पण कलम १९ त्याच्या आडवं यायचं. बाप हयात आणि नालायक नसेल, तर दुसरा पालक नेमताच येत नसे. त्या कलमात बापाच्या जोडीला आईचा शब्द घालायला २०१० साल उजाडलं.

या प्रदेशाचं न्यायालयीन नशीबही सारखं बदलत राहिलं. आधी अपील नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरकडे, १९३६ पासून नागपूर उच्च न्यायालयाकडे, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला तेव्हापासून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे. याला महत्त्व आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सरस्वतीबाई वेद खटल्यात तान्ह्या मुलाच्या बाबतीत आईची जागा बापाच्या हक्कापेक्षा मोठी मानली. तो निकाल १९४१ च्या अहवालात छापला आहे. मुख्य न्यायाधीश होते बोमाँट. पण भंडाऱ्याच्या न्यायाधीशावर तेव्हा तो बंधनकारक नव्हता, कारण त्याचं वरचं न्यायालय नागपूर. मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, तोही इथे लागू नव्हता. १९४६ च्या केंद्रीय कायद्याने हिंदू बाईला काही कारणांसाठी वेगळं राहून खावटी मागता येऊ लागली खरी, पण घटस्फोटासाठी गोंदियातल्या बाईपुढे जातीची रूढी हाच रस्ता होता. ज्या जातींत ती रूढी नव्हती, तिथल्या बाईला तोही नव्हता. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला तेव्हाच हा दरवाजा सर्व हिंदू जातींसाठी उघडला, आणि त्याच्या कलम २६ ने घटस्फोटाच्या खटल्यातच मुलांचा ताबा, खर्च, शिक्षण यांवर हुकूम देता येऊ लागला. पाठोपाठ १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा : पाच वर्षांखालचं मूल साधारणतः आईकडे, पण नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई.

या ‘नंतर’ला पहिला तडा दिल्लीच्या लेखिकेच्या रोख्यांनी गेला नव्हता. तो विदर्भातल्या शेताने गेला. जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान हा खटला १९७० साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. वाद कुळकायद्याचा. आईबाप वीसेक वर्षं वेगळे राहत होते, आई मुलीचा आणि तिच्या जमिनीचा सगळा कारभार बघत होती, बाप जिवंत होता पण त्याने ढुंकून पाहिलं नव्हतं. आईने केलेला व्यवहार वैध की नाही? न्यायालय म्हणालं, असा बाप नसल्यातच जमा; आईच नैसर्गिक पालक. १९९९ च्या निकालात या खटल्याचा आधार घेतलेला आहे. कायद्याच्या पुस्तकांत गीता हरिहरन यांचं नाव ठळक आणि जिजाबाईंचं तळटीपेत असतं. नागपूरच्या वकिलांनी तरी हा क्रम उलटा सांगावा.

मात्र या सगळ्या प्रवासात न्यायालय एकच प्रश्न सोडवत होतं : दोघांपैकी कोण. दोघांनी मिळून कसं, हा प्रश्न वेगळ्याच वाटेने आला, आणि त्या वाटेवर एक ओळखीचं आडनाव आहे. १९५३ साली दुर्गाबाई देशमुख चीनच्या दौऱ्यावर गेल्या आणि तिथली कौटुंबिक न्यायालयं पाहून आल्या. त्याच वर्षी त्यांचं चिंतामणराव देशमुखांशी लग्न झालं होतं. चिंतामणराव तेव्हा देशाचे अर्थमंत्री. त्यांची आयसीएसची पहिली उमेदवारी मात्र याच मध्य प्रांत-वऱ्हाडात गेलेली. परतल्यावर दुर्गाबाई मुंबई उच्च न्यायालयाच्या छागला आणि गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींशी बोलल्या आणि पंडित नेहरूंकडे प्रस्ताव ठेवला. काम झालं एकतीस वर्षांनी. मध्ये १९७४ साली विधी आयोगाचा ५९ वा अहवाल आला : कौटुंबिक तंटे साध्या दिवाणी दाव्यासारखे चालवू नका. १९७६ साली दिवाणी प्रक्रिया संहितेत ३२-अ हा आदेश घातला गेला. कौटुंबिक दाव्यात न्यायाधीशाने कुटुंबकल्याणाचं काम करणाऱ्या जाणकार व्यक्तीची, शक्यतो बाईची, मदत घ्यावी अशी त्यात सोय होती. देशातल्या कोणत्याही दिवाणी न्यायालयाला, अगदी तालुक्याच्या ठिकाणीही. ही सोय फारशी कोणी वापरली नाही. हे माझं मत नव्हे, १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या उद्देशपत्रिकेतच ही कबुली आहे.

महाराष्ट्रात १९८९ साली आधी पुण्याला आणि ऑक्टोबरात मुंबईला कौटुंबिक न्यायालय सुरू झालं. राज्याने एक शहाणपणाची गोष्ट केली : विवाह समुपदेशकाला न्यायालयाच्या आस्थापनेवर जागा दिली. दावा दाखल झाला की पक्षकार आधी समुपदेशकाकडे. तिथे बोललेलं गुप्त, पुराव्यात येत नाही. वकील हक्काने उभा राहू शकत नाही, असं कायदा म्हणत होता. उच्च न्यायालयाच्या निकालांनी परवानगीची वाट मोकळी झाली आणि वकील परतले. पण समुपदेशकाची खोली टिकली. शिवाय वांद्र्याच्या न्यायालयात मुलांची खोली आली. ज्या बापाला किंवा आईला मूल घरी भेटू दिलं जात नाही, त्याने इथे येऊन ठरल्या वेळी भेटायचं. खेळणी मांडलेली, भिंती रंगवलेल्या, आणि बाजूला कोणीतरी लक्ष ठेवून.

या खोलीचं मोल मला कायद्याच्या कलमांहून जास्त वाटतं. मूल रडत येतं, आईचा पदर सोडत नाही. बाप मोबाइलवर वेळ मोजतो, कारण तासातली वीस मिनिटं रडण्यात गेली. समुपदेशक मग बापाला सांगते, आधी त्याला जवळ ओढू नका, नुसते बसा. आईला सांगते, तुम्ही दारात थांबलात तर ते आत जाणार नाही. कोणी प्रमाणपत्र देत नाही, हजेरी लागत नाही. आपल्याकडचा सहपालकत्वाचा वर्ग हाच, आणि त्याला तसं नाव कोणी दिलं नाही.

नाव न देण्याला कारण होतं. कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्याचं पहिलं कर्तव्य समेट. न्यायाधीश निवडतानासुद्धा विवाहसंस्थेचं जतन करण्याची निष्ठा पाहावी, असं त्यात लिहिलं आहे. सरकारने समुपदेशकाचा पगार संसार जोडण्यासाठी मंजूर केला. संसार तुटल्यावर आईबापपण कसं चालवायचं, हे काम त्या बायकांनी आणि पुरुषांनी स्वतःच्या समजुतीने अंगावर घेतलं. आपल्या व्यवस्थेचं दुखणं इथे आहे. जोडण्यासाठी आपण माणसं नेमतो. जोडलं नाही, तर एक वेळापत्रक हातात देतो आणि मोकळे होतो.

कायद्याच्या कलम ३ प्रमाणे कौटुंबिक न्यायालय सक्तीचं आहे ते दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहराला. २०११ च्या जनगणनेत गोंदिया शहर सव्वा लाखाच्या थोडं वर, जिल्हा १३ लाख २२ हजार. म्हणजे आठ तालुक्यांची माणसं मिळून दहा लाख ओलांडतात, पण शहर ओलांडत नाही, म्हणून हक्काने काही मिळत नाही. दहा लाखांचा आकडा महानगर डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला. जणू देवरी-सालेकशातली जोडपी भांडत नाहीत. असं न्यायालय नसेल तिथे विवाहाचे दावे जिल्हा किंवा वरिष्ठ दिवाणी न्यायालयात चालतात, एका बाजूला वाटणीचे दावे, दुसऱ्या बाजूला अपघाताची भरपाई, आणि मध्ये पेशीला आलेलं कुटुंब. १९९९ च्या आधी जिल्ह्याच्या न्यायालयासाठी भंडारा गाठावं लागे. अर्जुनी मोरगावच्या बाईला एका पेशीत अख्खा दिवस जायचा. नवा जिल्हा झाल्याने अंतर कमी झालं, हा फायदा लहान नाही.

दरम्यान गावात दुसरीच संस्था उभी राहिली. १५ ऑगस्ट २००७ पासून गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. पूर्व विदर्भाने तिला भलतंच वळण दिलं. गोंदिया-भंडाऱ्याकडची स्थानिक वर्तमानपत्रं चाळा : तंटामुक्त समितीच्या पुढाकाराने प्रेमी युगुलाचं लग्न लागलं, ही बातमी इतक्यांदा आली की ती बातमी राहिली नाही. पळून जाणाऱ्या पोरापोरींना समितीने हार घालून उभं केलं, घरच्यांना समजावलं, हुंडा आणि खर्च वाचवला. या कामाबद्दल मला आदर आहे. पण त्याच समितीकडे त्यातलं एखादं जोडपं पुढे भांडण घेऊन येतं, तेव्हा तिच्याकडे समेटाखेरीज दुसरं हत्यार नसतं. जुन्या पंचांसारखीच तिचीही नजर घर टिकवण्यावर. घर टिकत नसेल तर पोराच्या शाळेचा दाखला कोण काढणार, हा विषय बैठकीत निघतच नाही. पोलिसांचा भरोसा सेल, विधी सेवा प्राधिकरणाचे मध्यस्थ, लोकअदालत, यांच्यापुढेही पहिला प्रश्न तोच असतो : नांदायला जाणार का?

त्यात गोंदियाची सीमा. उत्तरेला मध्य प्रदेशातलं बालाघाट, पूर्वेला छत्तीसगडमधलं राजनांदगाव. सोयरिकी तिन्ही राज्यांत पसरलेल्या. पोवार, लोधी, कलार, कुणबी, कोणाचंही घर घ्या, सून किंवा जावई सीमेपलीकडचा निघतो. भांडून माहेरी गेलेली बाई मुलासह बालाघाटला राहू लागली की १८९० च्या कायद्याचं कलम ९ लागू होतं. अज्ञान मूल जिथे सामान्यतः राहतं, तिथल्याच न्यायालयाला अधिकार. मूल ‘राहतं’ कुठे, यावरच महिनोन्‌महिने वाद चालू शकतो. तिचा खावटीचा अर्ज बालाघाटला, त्याचा घटस्फोटाचा दावा गोंदियाला. एकाचं उच्च न्यायालय जबलपूर, दुसऱ्याचं नागपूर, आणि दोन राज्यांतले दावे एका ठिकाणी आणायचे तर अर्ज थेट दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात. गोंदिया ते बालाघाट गाडीने तास-दीड तासाचा रस्ता. कागदांना मात्र दिल्लीमार्गे जावं लागतं.

अशा घरासाठी भेटीचा हुकूम कसा असावा? मोठ्या शहरांतल्या आदेशांतली ठरीव भाषा असते : पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, दहा ते पाच. रोवणीच्या दिवसांत किंवा धान कापणीला रोजंदारीवर जाणाऱ्या बापाला शनिवार म्हणजे काय? नागपूर किंवा हैदराबादेत बांधकामावर गेलेल्या आईला? तिला सलग आठ दिवस दिवाळीत आणि पंधरा दिवस उन्हाळ्यात हवे असतात. मधल्या काळात फोन. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात भेटीच्या हक्काबरोबर फोन आणि व्हिडिओ कॉलवरच्या संपर्काचा हक्क स्पष्ट मांडला. दोनच महिन्यांत टाळेबंदी आली, आणि परदेशी राहिलेल्या जोडप्याच्या खटल्यातून निघालेली ही सोय कुठल्याही गावातल्या आईबापांच्या गरजेची झाली.

कायदा बदलायचा प्रयत्नही झाला आहे. मे २०१५ मध्ये विधी आयोगाने २५७ वा अहवाल दिला. अध्यक्ष होते न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा. जन्म सोलापूरचा, मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून दीर्घ काळ काढलेला. दोन्ही पालकांचा संयुक्त ताबा हा पर्याय कायद्यात असावा, मध्यस्थी व्हावी, आईबापांनी संगोपनाचा लेखी आराखडा द्यावा, अशा त्यात शिफारसी आहेत. शाळा कोणती, आजारपणात निर्णय कोणाचा, सण कोणाकडे, आजी-आजोबांची भेट कशी, हे सगळं भांडणाआधी कागदावर. मुंबईच्या चाइल्ड राइट्स फाउंडेशन या संस्थेने अशाच आराखड्यासह मार्गदर्शिका तयार केली होती. ती पुढे हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने स्वीकारली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात, एका पालकाकडून दुसऱ्याविरुद्ध मुलाचं मन कसं कलुषित केलं जातं याची सविस्तर चर्चा केली. वॉलरस्टीनबाईंनी चार दशकांपूर्वी लिहिलेलं आता आपल्या निकालपत्रांत येऊ लागलं होतं.

आयोगाने बदल सुचवले ते १९५६ च्या हिंदू कायद्यात आणि १८९० च्या जुन्या कायद्यातही. या जुन्या कायद्यात ताबा, मुलाचा खर्च आणि भेटी यांवर एक नवं प्रकरणच घालायचा मसुदा दिला. गोंदियासाठी हा दुसरा भाग मोलाचा. हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा पालकत्व कायदा अनुसूचित जमातींना, केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय, लागू होत नाहीत. कचारगडच्या यात्रेला माघ पौर्णिमेला जमणाऱ्या गोंड कुटुंबांची लग्नं आणि फारकती आजही रूढीने होतात. मुलाचा वाद न्यायालयात आलाच, तर हाताशी राहतो तो १८९० चा कायदा. संयुक्त ताबा आणि संगोपन आराखडा त्या कायद्यात गेला असता, तर सालेकशाच्या गोंड आईला आणि मुंबईच्या आयटीतल्या बापाला एकच तरतूद मिळाली असती. तो मसुदा संसदेत मंजूर झालेला नाही. ३२-अ आदेश मात्र १९७७ पासून लागू आहे, आणि त्यातली ती जाणकार बाई बोलावण्यासाठी न्यायाधीशाला नव्या कायद्याची गरज नाही.